फीत इथेच का तुटली? छोटा कॅमेरा आणि इतिहासाचे साधन

१/१०
नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातील अनेक घरांत कानबाईची स्थापना होते. रात्रभर जागरण चालते, अहिराणी गाणी म्हटली जातात आणि सोमवारी विसर्जन होते. समजा, धरणगावातील एका घरची ही रात्र कोणी कॅनन ईओएस एम५० या छोट्या मिररलेस कॅमेऱ्यावर टिपली. पन्नास वर्षांनी ती फाइल एखाद्या अभ्यासकाच्या हाती लागते. लांबी २९ मिनिटे ५९ सेकंद. गाणे कडव्याच्या मध्यावर तुटलेले. का?

२/१०
गाणाऱ्या बाया थकल्या असतील, असा तर्क तो करील. खरे कारण युरोपीय संघाच्या जकात नियमांत आहे. तेथे छायाचित्रांच्या डिजिटल कॅमेऱ्यावर आयात शुल्क नव्हते. व्हिडिओ कॅमेऱ्यावर ४.९ टक्के किंवा त्याहून अधिक होते. ८०० बाय ६०० वा त्याहून अधिक पिक्सेल, सेकंदाला किमान २३ चौकटी आणि सलग किमान ३० मिनिटे चित्रण, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की कॅमेरा ‘व्हिडिओ’च्या वर्गात जाई. म्हणून उत्पादकांनी एक सेकंद आधीच थांबणारे यंत्र बनवले.

३/१०
२०१५ मध्ये नैरोबी येथे जागतिक व्यापार संघटनेच्या अनेक सदस्यांनी माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उठवण्याचा करार केला. त्यानंतर हे बंधन सैल होत गेले. २०१९ च्या सोनी अल्फा ६४०० मध्ये ते नाही. २०१८ च्या एम५० मध्ये मात्र आहे. म्हणजे फाइलची लांबी पाहूनही कॅमेऱ्याच्या काळाचा अंदाज बांधता येतो. नाणे पाहून टांकसाळ ओळखावी, तसाच हा प्रकार.

४/१०
मर्यादेची ही गोष्ट जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले. प्रत्येक चित्रपट मिनिटभराचाही नव्हता, कारण त्यांच्या कॅमेऱ्यात सुमारे १७ मीटरच फीत मावत असे.  फीत संपली, की चित्रण संपे.

५/१०
दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो हाताने फिरवावा लागे. रोप वाढायला लागणारे दिवस सलग टिपणे अशक्यच होते. फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची ठरावीक अंतराने एकेक चौकट घेतली आणि अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर आणली. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या आधीचा हा प्रयोग. यंत्राची मर्यादा नीट ओळखली, तर तिच्यातूनच पद्धत सापडते.

६/१०
जकात उठली तरी उष्णता उरते. चित्रण करताना सेन्सर आणि प्रोसेसर तापतात; छोट्या कॅमेऱ्यात पंख्याला जागा नसते. २०२० च्या कॅनन ईओएस आर५ वर ८के चित्रण सुमारे २० मिनिटेच चालते, असे कंपनीच सांगते. श्रावणातल्या दमट रात्री, माणसांनी भरलेल्या खोलीत ही अडचण अधिकच जाणवणार.

७/१०
चौकटीचीही मर्यादा असते. एम५० मध्ये ४के निवडले, की सेन्सरचा केवळ मधला भाग वापरला जातो. सोबत मिळणाऱ्या १५-४५ मिमी लेन्सने तीन मीटरवरून फुल एचडीत सुमारे साडेचार मीटर रुंदीचे दृश्य मावते. ४केत पावणेतीन मीटरच. कानबाई दिसेल, कोपऱ्यात बसून गाणे सांगणारी वृद्धा चौकटीबाहेर राहील. पुढचा अभ्यासक म्हणेल, गाणाऱ्या चारच होत्या. अशा वेळी कमी पिक्सेलचे फुल एचडीच अधिक खरे साधन ठरते.

८/१०
आता लेन्सचे पर्याय पाहू. एम मालिकेसाठी कॅननने स्वतःच्या आठच लेन्स काढल्या आणि २०२३ मध्ये ती मालिका बंद झाली. मात्र आरसा नसल्याने लेन्स आणि सेन्सर यांतले अंतर ४४ मिमीवरून १८ मिमीवर आले. उरलेल्या जागेत अडॅप्टर बसतो, म्हणून जुन्या एसएलआरच्या लेन्सही चालतात. पुष्कळदा फोकस तेवढा हाताने साधावा लागतो. समईच्या उजेडात २२ मिमी एफ/२ लेन्स एफ/३.५ च्या तुलनेत सुमारे तिप्पट प्रकाश घेते. पण ती झूम होत नाही. उजेड हवा की रुंदी, हे आधीच ठरवावे लागते.

९/१०
याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावला, केकी मूस (१९१२-१९८९) यांनी कित्येक दशके जवळजवळ घराबाहेर न पडता छायाचित्रे काढली. घरातल्या साध्या वस्तूंनी टेबलावर निसर्गदृश्ये रचून ते ती टिपत. त्यांची चौकट त्यांनी स्वतः आखलेली होती. ते ठाऊक नसेल, तर टेबलावरचा देखावा कोणी खरा निसर्ग समजून बसेल.

१०/१०
बखर वाचताना आपण विचारतो: कोणी लिहिली, कोणासाठी, काय वगळले? व्हिडिओलाही हेच प्रश्न विचारावेत. आणि आपण चित्रण करत असू, तर त्यांची उत्तरे फाइलसोबत ठेवावीत: कॅमेरा, लेन्स, ४के की फुल एचडी, खंड कोठे व का पडला, चौकटीबाहेर कोण होते. पंचवीस मिनिटे झाली की दोन गाण्यांच्या मधल्या विसाव्यात चित्रण थांबवून पुन्हा सुरू करावे. शेजारी साधा ध्वनिमुद्रक अखंड चालू ठेवावा. ती गाणी पाठ असलेल्या पिढीचे वय झाले आहे. पुढच्या श्रावणात तीच गायिका असेल, याची खात्री कोणताही कॅमेरा देत नाही.