पाणपोई आणि पाटी

आमच्या गावच्या एस.टी. स्टँडबाहेर एक पाणपोई होती. वर संगमरवरी पाटी, पाटीवर दात्याचं नाव. मे महिन्यात सुट्टीला गेलो की बसमधून उतरल्यावर पहिला पेला तिथलाच. मग एका वर्षी रांजण कोरडे दिसले. रोज पाणी भरायचं कुणी, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. पाटी मात्र अजून शाबूत आहे.

संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा इतिहास वाचताना मला ती पाणपोई आठवते. या यंत्रांच्या मुळाशी आपल्याला सरकार दिसतं, लष्कर दिसतं, कंपन्या दिसतात. पण अगदी सुरुवातीला, कुणीच पैसे द्यायला धजत नव्हतं तेव्हा, काही ठिकाणी धर्मादाय पैसा पुढे आला होता. अशा दोन अर्जांची ही गोष्ट.

पहिला अर्ज १२ मार्च १९४४ चा. होमी भाभा तेव्हा ३४ वर्षांचे होते. केंब्रिजहून सुट्टीसाठी आलेले भाभा महायुद्धामुळे इथेच राहिले होते आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करत होते. त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिलं. मूलभूत पदार्थविज्ञानासाठी देशात एक उत्तम संस्था हवी, अशी त्यांची मागणी होती. दोनएक दशकांत अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी आपल्याला परदेशाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. हिरोशिमावर बाँब पडायला तेव्हा जवळजवळ दीड वर्ष अवकाश होता!

दिल्लीतलं सरकार परकं आणि युद्धात गुंतलेलं. उद्योगपतीला यात लगेच नफा दिसणं शक्य नव्हतं. ट्रस्टनं मात्र होकार दिला आणि मुंबई सरकारही सोबत आलं. १ जून १९४५ ला बंगळूरात काम सुरू झालं. वर्षअखेरीस संस्था मुंबईत, पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. हीच आपली टाटा मूलभूत संशोधन संस्था.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्वातंत्र्यानंतर या संस्थेचा मुख्य खर्च केंद्र सरकारनं उचलला. १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तिथे अंकीय संगणक बांधायला घेतला. असं यंत्र आपल्याकडे आधी कुणी बांधलेलं नव्हतं. १९६० मध्ये ते पूर्ण क्षमतेनं चालू लागलं आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचं नाव ‘टिफ्रॅक’ ठेवलं. दात्यानं पाणपोई बांधली, आणि रांजण भरायची जबाबदारी लोकांच्या पैशानं घेतली.

दुसरा अर्ज अमेरिकेतला, ३१ ऑगस्ट १९५५ चा. जॉन मॅकार्थी, मार्व्हिन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन या चौघांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे १३,५०० डॉलर मागितले. पुढच्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात काही जणांनी एकत्र बसून, यंत्राला विचार करता येईल का, याचा शोध घ्यायचा होता. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयाचं इंग्रजी नाव रूढ झालं ते या अर्जातून. फाउंडेशनला खात्री वाटेना. त्यांनी ७,५०० डॉलर मंजूर केले. एवढ्याशा रकमेवर एका विद्याशाखेचं बारसं झालं. १९६० च्या दशकात मात्र या विषयाला मोठा पैसा मिळाला तो अमेरिकी संरक्षण खात्याकडून, आणि पैशामागोमाग त्याच्या गरजाही आल्या.

दानाची आरती ओवाळून मी थांबणार नाही. ज्यांच्या नावानं तो ट्रस्ट होता त्या दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या भाभांच्या सख्ख्या आत्या. भाभांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण तितक्याच बुद्धीच्या, वऱ्हाडातल्या एखाद्या शाळामास्तराच्या मुलाचं पत्र त्या टेबलापर्यंत पोचलं असतं का? दान द्यायचं की नाही हे दाता ठरवतो, आणि दात्यापर्यंत कोण पोचतो हे पुष्कळदा ओळखीवर ठरतं.

हा प्रश्न आज अधिक टोचतो. २०१५ मध्ये ‘ओपनएआय’ ही संस्था ना-नफा म्हणून निघाली. साऱ्या मानवजातीचं हित हे तिचं ब्रीद, आणि १ अब्ज डॉलरची आश्वासनं तिच्या पाठीशी. पण संगणकांचा अफाट खर्च तेवढ्यात भागेना. २०१९ मध्ये तिनं नफ्यासाठी शाखा काढली. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या शाखेची फेररचना होऊन नवी कंपनी उभी राहिली. नियंत्रण मूळ संस्थेकडे ठेवलं, पण मालकीतला तिचा वाटा सुमारे एक चतुर्थांश ठरला. पाटी तीच, पाण्याचा मालक कोण, यावर वाद चालू झाला.

आपल्याकडचं एक उदाहरण वेगळं आहे. २०२२ मध्ये आयआयटी मद्रासमधल्या ‘एआयफोरभारत’ या केंद्राला नंदन आणि रोहिणी निलेकणी यांनी ३६ कोटी रुपये दिले. मराठीसह भारतीय भाषांसाठी भाषांतर आणि बोली ओळखण्याची साधनं तिथे तयार होतात आणि ती इतरांना वापरायला खुली ठेवली जातात. बाजाराच्या हिशेबात ज्या भाषा मागे पडतात, त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे.

आपल्याकडे सत्पात्री दानाचं महत्त्व सांगतात. मला वाटतं, पात्र बघावंच. पण दात्याचा हात आखडल्यावर काम कुणाच्या पैशानं चालेल, त्याचा हिशेब कोण मागेल आणि फळ कुणाला मिळेल, हेही देतानाच लिहून ठेवावं. आमच्या पाणपोईच्या दात्याची नियत चांगलीच होती. तेवढी एक ओळ लिहायची राहून गेली, आणि उन्हातून आलेला माणूस कोरड्या रांजणापुढे उभा राहिला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)