८ जानेवारी १८५३ : मागच्या पायांवर तोललेला घोडा

वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत उद्यानात या दिवशी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. न्यू ऑर्लीन्सला जॅक्सन यांनी ब्रिटिशांना धूळ चारली, तो दिवसही ८ जानेवारीच, साल १८१५. अमेरिकेत ओतलेला हा पहिला ब्राँझचा अश्वारूढ पुतळा.

शिल्पकार क्लार्क मिल्स यांनी शिल्पकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते; असा पुतळाही तोवर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तरी त्यांनी हात घातला तो सर्वांत अवघड पवित्र्याला. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत, आणि टेकू कसलाच नाही! त्यासाठी त्यांनी एक उमदा घोडा मिळवून त्याला मागच्या पायांवर उभे राहायला शिकवले. पुतळ्याचा मागचा भाग जड ठेवून सगळा तोल मागच्या खुरांवर आणला. ब्राँझ मिळाले ते जुन्या तोफा वितळवून. या कारागिरीला दाद द्यावी तेवढी थोडीच.

जॅक्सन यांच्याबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. त्यांनी माणसे गुलाम म्हणून राबवली आणि १८३० च्या कायद्याने मूलनिवासींना त्यांच्याच भूमीतून हुसकावले. जून २०२० मध्ये निदर्शकांनी दोर बांधून पुतळा पाडायचा प्रयत्न केला. पोलिसांनी त्यांना हटवले. पुतळा शाबूत राहिला.