उकिडव्या गुडघ्याचं माप

आजचा विषय नावाने जरा जड आहे: क्लिनिकल बायोमेकॅनिक्स, म्हणजे वैद्यकीय जैवयांत्रिकी, आणि तिचं पदव्युत्तर शिक्षण. शरीर हलतं तेव्हा सांध्यांवर, स्नायूंवर, हाडांवर किती बळ येतं आणि ते कुठल्या दिशेने येतं, हे मोजणारं हे शास्त्र. ते मोजमाप समोर बसलेल्या रुग्णाच्या उपयोगी पडलं की त्याला 'क्लिनिकल' म्हणायचं. त्याचा इतिहास आम्ही आज रायगडच्या किनाऱ्यावरून सांगणार आहोत. त्याला कारण आहे.

उरण, रेवदंडा, मुरूड, कुठलाही मासळीबाजार डोळ्यांपुढे आणा. मासळी निवडणं, विळीवर कापणं, वाळत घालणं, यातलं बरंचसं काम खाली बसून किंवा कमरेत वाकून चालतं. भातलावणी वाकून, मिठागरातलं काम अनवाणी. आता अशा एखाद्या बाईचा गुडघा दुखावला आणि तिला सांगितलं, "यापुढे उकिडवं बसायचं नाही," तर त्याचा अर्थ काय होतो? काम सोडा, असाच ना! मग हा सल्ला नेमका कोणाच्या गुडघ्यावर मोजून तयार झाला, हे विचारायला हवं.

मोजणीची सुरुवात युरोपात झाली. इटलीच्या बोरेलीचं प्राण्यांच्या हालचालींवरचं पुस्तक १६८० साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून यायला लागलं. हाडं म्हणजे तरफा आणि स्नायू म्हणजे त्या ओढणारे दोर, हा हिशोब त्यात आहे. पुढे १८९० च्या दशकात लाइपझिगमध्ये ब्राउने आणि फिशर यांनी चालीची पहिली त्रिमितीय मोजणी केली. अंगाला प्रकाशनळ्या बांधायच्या, काळोखात चालवायचं आणि चार कॅमेऱ्यांनी छायाचित्रं घ्यायची. नुसत्या तयारीत तासन्‌तास जायचे आणि पुढची आकडेमोड वर्षानुवर्षं चालली. यात चालत कोण होतं? एक तरुण पुरुष. कधी साधा, कधी लष्करी सामान पाठीवर घेऊन. त्यांना पाहिजे होतं सैनिकाचं माप.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बर्कलीला इनमन आणि एबरहार्ट यांच्या गटाने पाय गमावलेल्या सैनिकांसाठी हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. म्हणजे पुन्हा सैनिक, पुन्हा बूट, पुन्हा सपाट जमीन. काम अव्वल दर्जाचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण 'नॉर्मल चाल' नावाचा जो आलेख पुढे पाठ्यपुस्तकांत आला, त्याचं गोत्र हे असं आहे. त्या आलेखात गुडघा साधारण ६० अंशांपर्यंत वाकतो. उकिडवं बसताना तो १३० अंशांच्याही पुढे जातो. तो भाग आलेखात नाहीच, कारण चालताना त्याची गरज पडत नाही आणि खुर्चीवर बसणाऱ्याला उरलेल्या दिवसातही फारशी पडत नाही.

आपल्याकडे ही उणीव सर्वांत आधी कृत्रिम पायाने दाखवून दिली. बर्कलीत तयार झालेला सॅच नावाचा पाय जगभर वापरात होता. त्याला हलता घोटा नाही आणि वर बूट घालावा लागे. भारतातल्या शेतकऱ्याला तो बसवला की त्याला उकिडवं बसता येईना, चिखलात अनवाणी जाता येईना. मग तो पाय घरी खुंटीला. १९६८ च्या सुमारास जयपूरला अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा, सर्व बाजूंनी वाकणारा पाय घडवला. अनवाणी चालता येईल, मांडी घालता येईल, उकिडवं बसता येईल, हीच त्याची अट होती. शर्मांचं शालेय शिक्षण फारसं नव्हतं, आणि तरी घोटा किती वाकायला हवा हे त्यांच्या हाताला कळलं. याला आम्ही तरी जैवयांत्रिकीच म्हणू, मग कोणी पदवी देवो न देवो.

पदवीचा विषय निघालाच आहे तर मुंबईकडे वळू. पोलिओने अधू झालेली मुलं समोर होती आणि त्यांना चालवायला शिकवणारी माणसं जवळपास नव्हती. केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी घरातल्या. त्याच सुमारास तिथेच फिजिओथेरपीची शाळा निघाली, आणि १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. या शाळांतून निघालेली माणसं हाताने काम करणारी होती. स्नायू चाचपायचा, सांधा फिरवून बघायचा, चाल डोळ्यांनी पारखायची. मोजण्याची यंत्रं मात्र अभियंत्यांकडे. शोधनिबंध अभियंता लिहिणार, निर्णय सर्जन घेणार आणि फिजिओथेरपिस्टने व्यायाम करून घ्यायचा, अशी वाटणी बराच काळ चालली. जगातही थोड्याफार फरकाने हेच होतं. जॅकलिन पेरी हा मोठा अपवाद. युद्धकाळात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या, मग सर्जन झाल्या, कॅलिफोर्नियात पोलिओच्या रुग्णांमध्ये राहून त्यांनी चाल अभ्यासली आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

आता परत आपल्या किनाऱ्यावर. १९७० च्या दशकात, जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं तेव्हा, अलिबाग तालुक्यातल्या मांडवा परिसरात डॉ. नोशीर अँटिया यांनी एक प्रयोग केला. अँटिया प्लास्टिक सर्जन, जेजे रुग्णालयातले, कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात आणि बसलेली नाकं दुरुस्त करण्यात नावाजलेले. इतकं बारीक कसब असलेला माणूस गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करायला निघाला. क्षय आणि कुष्ठरोगाचे रुग्ण ओळखणं, त्यांच्या औषधांकडे लक्ष देणं ही कामं त्या करू लागल्या. गावच्या पुढाऱ्यांना हे सगळं रुचलं नाही, आणि प्रकल्प पुढे गुंडाळावा लागला. मांडव्यात कोणी सांध्यावरचं बळ मोजलं नाही, हे खरं. तरी तिथला मुद्दा आजच्या विषयाला थेट लागू आहे: ज्ञान रुग्णाच्या किती जवळच्या माणसाच्या हाती द्यायचं?

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पनवेल खाडीजवळ कामोठे. सिडकोने वसवलेलं. तिथली एमजीएम इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ सायन्सेस २००६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, आणि तिच्या फिजिओथेरपी शिक्षणाला जोडून मानवी हालचालींच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं. अशा केंद्रात 'गेट लॅब' असते. गेट म्हणजे फाटक नव्हे, चाल! अंगावर चमकते ठिपके चिकटवतात, इन्फ्रारेड कॅमेरे ते टिपतात, जमिनीतली बलपट्टी पावलाखालचा जोर नोंदवते. या दोन्हींवरून उलट गणित करत सांध्यापर्यंत पोचायचं. लाइपझिगला ज्याला वर्षं लागली ते आता चहा होईपर्यंत पडद्यावर येतं.

पण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की इथे मोजणारे स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत, आणि मोजायला घेतलेल्या गोष्टी आपल्या आहेत: सूर्यनमस्कार, भरतनाट्यम् करणाऱ्यांची चाल, उकिडवं बसणं. सकाळी रुग्ण तपासणाऱ्यानेच दुपारी आलेख वाचला की प्रश्न बदलतो. 'गुडघ्यावर किती बळ येतं?' याच्या पुढे जाऊन तो विचारतो, 'या बाईला दिवसात किती वेळ बसता येईल?'

आणि उत्तर सोयीचंच येईल असं नाही. २००४ मध्ये बीजिंगमधल्या वयस्कांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळली. तेव्हा 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणून टाळ्या घेण्यात अर्थ नाही. सरसकट बंदी जशी चूक, तसं सरसकट कौतुकही. किती खोल बसायचं, टाच टेकवून की उचलून, उठताना हाताचा आधार घ्यायचा का, सलग किती मिनिटं, बुडाखाली लहान पाट घेतला तर भार किती उतरतो, याची उत्तरं मोजूनच मिळतात, आणि ती मोजणं हेच या पदव्युत्तर अभ्यासाचं रोजचं काम.

२०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, फिजिओथेरपी त्यात आली, म्हणजे अभ्यासक्रमांचे निकष ठरवण्याची वाट खुली झाली. त्या निकषांत जमिनीवर बसणारा माणूस आहे का, हे विचारायला हवं. लॅबचा खर्च मोठा आहे आणि मुरूडहून कामोठ्याला यायचं तर रुग्णाचा दिवस मोडतो. अंगावर बांधायचे छोटे सेन्सर आता मिळतात. ते घेऊन विद्यार्थ्यांनीच बाजारात जावं, विळीपाशी बसावं, असं आम्हाला वाटतं. वेळ झाली आहे, प्रश्न घेऊ या.