हरताळ, सोमल आणि विहिरीचे पाणी

जुन्या पोथ्या लिहिताना हात चुकला, की लेखक त्या अक्षरांवर पिवळी हरताळ फाशीत असे. ‘हरताळ फासणे’ हा मराठी शब्दप्रयोग तेथूनच आला. हरताळ, मनशीळ व पांढरा सोमल या तिन्हींत एकच द्रव्य आहे, ते म्हणजे आर्सेनिक. रसवैद्यांनी ते औषधात योजिले, दुष्टांनी अन्नात कालविले. सोमलाला ना वास, ना चव. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने त्याची खात्रीची परीक्षा प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे विष घालणारे सापडू लागले.

परंतु कोणी न घालताही हे विष पाण्यात असू शकते, ही गोष्ट आपल्या देशात फार उशिरा ध्यानी आली. तळ्याच्या पाण्याने पटकी होते म्हणून बंगालमध्ये गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे तळहात-तळपाय खरखरीत झालेले, अंगभर पावसाच्या थेंबांसारखे डाग पडलेले खेडूत येऊ लागले. विष त्या नव्या पाण्यातच होते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास त्वचा, फुप्फुसे व मूत्राशय यांचा कर्करोगही जडतो.

गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडातील अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावी १९९९ च्या सुमारास हाच प्रकार उघडकीस आला. तेथे नदीचा गाळ नव्हे, प्राचीन ज्वालामुखीजन्य खडक कारणीभूत ठरले. वाशीम जिल्ह्यातील रिठदसारखी गावे वसली आहेत ती निराळ्या, काळ्या पाषाणावर. त्यात हे द्रव्य फार थोडे.

मग अशा पाण्यातील माशांचे काय? शेवाळ आर्सेनिकला फॉस्फेट समजून आत घेते. पण पारा जसा लहान माशातून मोठ्या माशात वाढत जातो, तसे येथे सहसा घडत नाही. समुद्रातील माशांत तर ते बहुतेक निरुपद्रवी रूपात असते व लघवीवाटे निघून जाते. अधिक काळजी भाताची. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात मातीतील आर्सेनिक सुटे होते व धानाची मुळे ते शोषतात. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकावी, तर त्याचा काही अंश कमी होतो; मात्र ते पाणी शुद्ध हवे. पाणी उकळल्याने हे विष जात नाही.