पत्र्यावरील व्यंगचित्र आणि वाशीमचा ताम्रपट

जुन्या नियतकालिकांतील व्यंगचित्रे धातूच्या पत्र्यावर छापून भिंतीवर लावण्याची रीत अलीकडे रूढ झाली आहे. अशा प्रतीत चित्राची रेघ न रेघ उतरते. परंतु ते कोणत्या वादात, कोणाविरुद्ध आणि कोणत्या दिवशी काढले गेले, हे उतरत नाही. धर्म व राज्य यांच्या विभक्ततेविषयीचे एखादे चित्र असे सुटे झाले, की ते धर्मनिरपेक्षतेचे सर्वकालीन बोधचिन्ह वाटू लागते. हा समज कितपत ग्राह्य धरावा, याचा विचार एका प्रसिद्ध चित्राच्या आधारे येथे करावयाचा असून, तुलनेसाठी वाशीम जिल्ह्यातील दोन उदाहरणे घेतली आहेत.

'द अमेरिकन रिव्हर गँजेस' हे टॉमस नास्ट याचे चित्र न्यूयॉर्कच्या 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात ३० सप्टेंबर १८७१ रोजी प्रसिद्ध झाले. नदीतून मगरी किनाऱ्याकडे सरपटत येत आहेत. नीट पाहिले असता ते कॅथलिक बिशप असून त्यांचे शिरोभूषण हाच मगरीचा जबडा झाला आहे, हे ध्यानात येते. किनाऱ्यावर भेदरलेली मुले आहेत आणि मागे सार्वजनिक शाळेची इमारत ढासळलेली आहे. न्यूयॉर्कमधील टॅमनी हॉल या राजकीय गटाने कॅथलिक शाळांना सरकारी पैसा मिळवून दिला, हा या चित्रामागील रोष होय. त्या गटाचा भ्रष्टाचार खरा होता, आणि त्याचा पुढारी ट्वीड याच्या पाडावास नास्टच्या चित्रांचा मोठा हातभार लागला, हेही खरे. सार्वजनिक पैसा कोणत्याही पंथाच्या शाळेस देऊ नये, हे तत्त्व या चित्रात कोणालाही दिसेल.

परंतु मुलांना पाठीशी घालून उभ्या असलेल्या तरुणाच्या कोटात बायबल खोचलेले आहे, आणि चित्राचे मर्म तेथेच आहे. त्या काळी अमेरिकेतील अनेक सार्वजनिक शाळांत प्रॉटेस्टंटांना मान्य असलेल्या बायबलाचे वाचन होत असे. कॅथलिकांचा त्यास आक्षेप होता. सिनसिनाटीच्या शिक्षणमंडळाने १८६९ मध्ये शाळांतील बायबलवाचन बंद करण्याचे ठरविले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. म्हणजे ज्या शाळेचे रक्षण नास्ट करू पाहतो, तीही धर्माच्या बाबतीत तटस्थ नव्हती. एका पंथाचा शिरकाव त्यास संकट वाटतो. दुसऱ्या पंथाचे आधीपासूनचे ठाण त्यास स्वाभाविक वाटते. शिवाय, एका राजकीय गटाच्या दोषाचा भार आयर्लंडमधून आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या संपूर्ण धर्मावर पडला आहे.

चित्राचे नावही भारतीय वाचकाने दृष्टीआड करू नये. हिंदू माता आपले अर्भक गंगेत मगरींपुढे टाकते, असे चित्र मिशनऱ्यांच्या पुस्तकांतून अमेरिकेत घरोघर पोहोचले होते. गंगासागर येथे अर्भके अर्पण करण्याच्या प्रथेस वेलस्लीने १८०२ मध्येच कायद्याने बंदी केली होती. तरीही सुमारे सत्तर वर्षांनंतर नास्टला आपल्या वाचकांस 'गंगा' या एका शब्दाने सर्व काही सुचविता आले. राज्य धर्मापासून अलग असावे, हा विचार मांडणाऱ्या चित्राने आपली प्रतिमा धर्मप्रसारकांच्या साहित्यातून उसनी घेतली होती.

आता वाशीमकडे वळू. येथील विंध्यशक्ती द्वितीय याचा ताम्रपट १९३९ मध्ये प्रकाशात आला. तोही धातूवरचाच मजकूर. पण दाता, प्रतिग्रहीते, दत्त ग्राम आणि राज्यवर्ष ३७ हे सर्व त्याच्या अंगावरच कोरलेले आहे. वत्सगुल्माच्या या वाकाटक राजाने अथर्ववेदी ब्राह्मणांना ग्रामदान केले. त्याच शाखेतील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे बौद्ध संघास अर्पण केले. यास धर्मनिरपेक्षता म्हणणे कालविपर्यास ठरेल. राजसत्ता येथे धर्मापासून दूर नाही. ती एकाहून अधिक धर्मांची आश्रयदाती आहे.

दुसरे उदाहरण शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराचे. दिगंबर व श्वेतांबर या दोन जैन संप्रदायांत पूजेच्या वेळा वाटून देणारा करार १९०५ मध्ये झाला. पुढे तंटा वाढून १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ मध्ये मंदिरास कुलूप लागले आणि ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. येथे धर्मसंस्था राज्यावर चालून आलेली नाही. एकाच मूर्तीच्या दोन उपासकवर्गांत वेळेचा आणि व्यवस्थेचा निवाडा करण्याचे काम राज्यावर येऊन पडले आहे. मगर आणि मूल यांच्या चित्रात या प्रश्नास जागाच नाही.

भारतीय संविधानाची रचनाही नास्टच्या सीमारेषेशी जुळत नाही. पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास अनुच्छेद २८ मनाई करतो. परंतु साहाय्य देताना, संस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे एवढ्यावरून राज्याने भेदभाव करू नये, असे अनुच्छेद ३० सांगतो. नास्टला जे संकट वाटले, त्यास आपल्या संविधानाने अटींसह मान्यता दिली आहे.

यावरून असे चित्र निरुपयोगी ठरत नाही. उलट साधन म्हणून ते फार बोलके आहे. मात्र ते धर्मनिरपेक्षतेचे साधन नसून, विशिष्ट समाजाने त्या तत्त्वाचा कोणाविरुद्ध कसा उपयोग केला, याचे आहे. ताम्रपट आपली मिती स्वतः सांगतो. पत्र्यावरील व्यंगचित्रास ती अभ्यासकाने परत मिळवून द्यावी लागते. आणि तसे करताना कोणास मगर केले आहे याबरोबरच रक्षकाच्या कोटात काय आहे, हेही पाहावे लागते.