जड मूलद्रव्यांची घडण आणि मुंबईचा पेलेट्रॉन

लोखंडापलीकडची मूलद्रव्ये ताऱ्यांत कशी घडतात हे ठरवण्यासाठी लागणाऱ्या अणुकेंद्रीय अभिक्रिया प्रयोगशाळेत घडवून मोजण्याचे शास्त्र. लोखंडापर्यंत हलकी अणुकेंद्रे जोडली जाताना ऊर्जा मिळते. पुढे ती खर्चावी लागते. विद्युतभार नसलेल्या न्यूट्रॉनाला मात्र अणुकेंद्रात शिरताना अडसर नसतो. अणुकेंद्र न्यूट्रॉन गिळते, बीटा क्षयात त्यातल्या एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो आणि मूलद्रव्य आवर्तसारणीत एक घर पुढे सरकते. वृद्ध राक्षसी ताऱ्यांत हे सावकाश चालते, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत क्षणार्धात. पॉल मेरिल यांना 1952 मध्ये काही ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम दिसले. त्याचे सर्वांत टिकाऊ समस्थानिकही सुमारे 42 लाख वर्षांत निम्मे होते, म्हणजे ते त्या ताऱ्यांतच घडलेले होते. 1957 मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी या घडणीची सविस्तर मांडणी केली.

ती मांडणी आकड्यांवर उभी राहते: कोणते अणुकेंद्र न्यूट्रॉन किती सहज गिळते? अडचण अशी की त्यांतली पुष्कळ अणुकेंद्रे अल्पायुषी, त्यांचे लक्ष्य बनवणेच अवघड.

महाराष्ट्रात अणुकेंद्रीय अभिक्रियांच्या अभ्यासाचे मोठे साधन म्हणजे कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातला पेलेट्रॉन. संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांचा हा संयुक्त वेगवर्धक 1988 च्या अखेरीस सुरू झाला. धातूच्या गोळ्यांची साखळी विद्युतभार वाहून नेते आणि मध्यावरचे अग्र 1.4 कोटी व्होल्टपर्यंत चढवता येते. ऋण आयन तिकडे ओढले जातात, तिथल्या पातळ पापुद्र्यात त्यांचे इलेक्ट्रॉन गळतात, आणि धन झालेले आयन त्याच अग्राकडून खाली ढकलले जातात. एकाच विद्युतदाबाचा असा दुहेरी उपयोग मला या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. या आयनांना आणखी वेग देणाऱ्या, 2007 मध्ये पूर्ण झालेल्या अतिसंवाहक जोडयंत्राच्या तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा मुलामा आहे. तेच शिसे, जिथे ताऱ्यांतली सावकाश वाटचाल जवळजवळ संपते.

अल्पायुषी अणुकेंद्राची अडचण इथे वळसा घालून सोडवली गेली. प्रोटॅक्टिनियम-233 चे अर्धायुष्य 27 दिवस. म्हणून भाभा केंद्राच्या गटाने थोरियमवर लिथियम-6 चा झोत सोडला. लिथियममधला ड्यूटेरॉन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी, थोरियममध्ये शिरला, अल्फा कण सुटला आणि उरले प्रोटॅक्टिनियम-234. प्रोटॅक्टिनियम-233 ने न्यूट्रॉन गिळला असता तर हेच अणुकेंद्र बनले असते. अल्फा कणांबरोबर विखंडनाचे तुकडे टिपून त्याच्या विखंडनाची शक्यता काढली गेली. निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगाचा रोख थोरियम अणुभट्ट्यांकडे होता. पण अतिजड अणुकेंद्रांचे विखंडनच ताऱ्यांच्या टकरीतली जलद चढण थांबवते, त्यामुळे हा वळसा खगोलशास्त्रालाही हवा आहे. एक मर्यादा उरते: आडमार्गाने बनलेल्या अणुकेंद्राचा कोनीय संवेग न्यूट्रॉन गिळून बनलेल्यापेक्षा वेगळा असू शकतो. जास्त ऊर्जेच्या विखंडनात त्याने फारसे बिघडत नाही. गॅमा किरण टाकून स्थिरावणाऱ्या अणुकेंद्राच्या बाबतीत मात्र हिशेब चांगलाच चुकू शकतो, आणि ताऱ्यांसाठी बहुतेक वेळा तोच हिशेब लागतो.