कैदेतून आलेली पत्रं आणि न आलेलं कार्ड

सध्या पोस्टिंग भिलाईत. इथल्या एनसीसी कॅडेट्सना विचारलं, की पकडलं गेल्यावर शत्रूला काय सांगायचं, तर उत्तर लगेच येतं: नाव, हुद्दा, नंबर, जन्मतारीख. पण युद्धकैद्याचे हक्क कोणते, यावर वर्ग गप्प असतो.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं ७० वं कलम सांगतं, की छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी आणि जिनिव्हाच्या मध्यवर्ती कार्यालयाला कार्ड पाठवू द्यायचं. ७१ व्या कलमाप्रमाणे महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. ती सेन्सॉर होतात, पण पोहोचतात.

या कार्डाचं मोल १९७१ च्या युद्धातल्या दोन मराठी वैमानिकांकडे पाहिलं की कळतं. दोघेही फ्लाइट लेफ्टनंट, दोघांचंही विमान सुखोई-७.

दिलीप परुळकर १० डिसेंबरला पाडले गेले. रावळपिंडीच्या छावणीत रेड क्रॉसमार्फत घरची पत्रं येत. भिंतीला पाडत असलेल्या भोकाबद्दल पत्रात अर्थातच काही लिहिता येत नव्हतं! ऑगस्ट १९७२ मध्ये ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह निसटले आणि लंडी कोतलला, अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ, पकडले गेले. शिक्षा झाली एकांतवासाची. नोंद झालेल्या कैद्याला गायब करता येत नाही. डिसेंबर १९७२ मध्ये ते परतले.

विजय वसंत तांबे ५ डिसेंबरला शोरकोटवरच्या हल्ल्यात पडले. त्याच दिवशी ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये पकडलेल्या भारतीय वैमानिकांत 'टॉम्बे' असं नाव छापून आलं. घरी मात्र कार्ड आलं नाही. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधल्या अर्जुन पुरस्कार विजेत्या, आयुष्यभर शोध घेत राहिल्या. २००७ मध्ये बेपत्ता जवानांच्या नातलगांबरोबर त्या पाकिस्तानातल्या तुरुंगांतही जाऊन आल्या. आमच्याकडे असा कोणी कैदी नाही, हेच पाकिस्तानचं उत्तर. चोपन्न जणांच्या यादीत तांब्यांचं नाव आजही आहे.

वीरगती कळली तर घर रडतं, सावरतं. इथे तेही नाही.

माजी सैनिकांना एक विनंती. घरात कैदेतली किंवा आघाडीवरची जुनी पत्रं असतील, तर पाकिटासकट जपा. मजकूर खुशालीचाच असेल, पण त्यावरचा शिक्का आणि तारीख म्हणजे माणूस त्या दिवशी जिवंत होता याचा पुरावा. तांबे कुटुंबाला तेवढाही मिळाला नाही.

जय हिंद.